सेकंड-हँड ई-ट्रॉन की आय-पेस? नाशिकच्या घरात बसून केलेला हिशेब

दाजींनी दोन जाहिरातींचे फोटो पाठवले आणि खाली एवढंच लिहिलं, "यातली कुठली?" एक ऑडी ई-ट्रॉन 55, दुसरी जॅग्वार आय-पेस. दोन्ही इलेक्ट्रिक, 2021 च्या, नव्या असताना कोटीच्या घरातल्या, आता मागितलेला भाव जवळपास निम्मा. दाजी राहतात गंगापूर रोडला, कारखाना अंबडला, आणि आठवड्यातून एक फेरी मुंबईची ठरलेली. हिशेब त्यांच्यासाठी केला, पण नाशिकमध्ये ज्याची मुंबईची ये-जा आहे त्याला तो बराचसा लागू पडेल.

कागदावर बॅटऱ्या जवळजवळ सारख्याच. ई-ट्रॉन 55 ची 95 युनिटची (युनिट म्हणजे किलोवॅट-तास, वीजबिलातलंच), त्यातले 86.5 वापरता येतात. आय-पेसची 90 ची, वापरता येतात 84.7. फरक वजनात आहे. ई-ट्रॉन अडीच टनांच्या पुढे, आय-पेस सव्वादोनच्या आसपास. ई-ट्रॉनला 100 किलोमीटरला 25 युनिट धरा, आय-पेसला 22. म्हणजे एका भरण्यात साधारण 345 आणि 385 किलोमीटर, तेही बॅटरी नवी असल्यासारखी धरून. नाशिक-मुंबई-नाशिक होतात 330 ते 340. ई-ट्रॉनला हे काठावरचं गणित आहे, आणि येताना चढ असतो हे विसरू नका. नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास 600 मीटर उंच. माणसं-सामानासह पावणेतीन टन एवढं वर चढवायला साडेचार युनिट नुसती उंचीच खाते. जाताना उतारावर त्यातले काही परत मिळतात, पण परतताना बॅटरी आधीच अर्ध्याखाली आलेली असते.

समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो, वेळ वाचतो. मात्र 120 च्या वेगाने धावणारी इलेक्ट्रिक गाडी 90 च्या मानाने बरीच जास्त वीज पिते. दाजींचा पाय जड आहे, हे ताईला विचारा. त्यामुळे ई-ट्रॉन घेतली तर मुंबईत जेवणाच्या वेळात थोडं चार्जिंग करून घ्यावंच लागेल. आय-पेसला कदाचित नाही.

चार्जिंगच्या वेगात ऑडी पुढे. ती 150 किलोवॅटपर्यंत घेते आणि 80 टक्क्यांपर्यंत तो वेग बराचसा टिकवते. जॅग्वार 100 च्या आसपास थांबते. पण 30 किंवा 60 किलोवॅटच्या चार्जरवर दोघी एकाच रांगेत, आणि रस्त्यात गाठ पडते ती बहुतेकदा असल्याच चार्जरशी. या फायद्यासाठी मी जास्तीचे पैसे मोजणार नाही.

आता दुखणी. दोन्ही गाड्यांचं पहिलं रडगाणं असतं साध्या 12 व्होल्टच्या बॅटरीचं. मोठी बॅटरी भरलेली असली तरी ही छोटी बसली की गाडी उघडायलाही तयार होत नाही. एका ओळखीच्यांची असलीच एक महागडी गाडी दिवाळीच्या सुट्टीत दहा दिवस उभी राहिली, आणि भाऊबीजेला ती टोचन करून न्यावी लागली. खर्च फार नाही, मनस्ताप मोठा. चार-पाच वर्षांच्या गाडीत ती बदललेली नसेल तर बदलायचीच हे धरून चाला.

ई-ट्रॉनची खास दुखणी: चार्जिंग पोर्टचं मोटरवर सरकणारं झाकण अडकतं, वजनामुळे पुढच्या चाकांना धरणारे आर्म आणि त्यांचे रबरी बुश लवकर खडखडायला लागतात, आणि एअर सस्पेन्शन गळायला लागलं की रात्रीतून गाडी एका कोपऱ्यावर बसलेली दिसते. मोटरच्या रोटरमध्ये (फिरणाऱ्या भागात) कूलंट, म्हणजे थंड ठेवणारा द्रव, फिरतो. सीलमधून झिरपणारा थोडा कूलंट एका छोट्या टाकीत जमतो, आणि सर्व्हिसमध्ये ती तपासली का, हे बिलावर बघायचं. एक जमेची बाजू म्हणजे हिचा सांगाडा ऑडीच्याच क्यू7 च्या घराण्यातला, आणि क्यू7 जुळते आपल्या संभाजीनगरजवळ शेंद्र्याला. सस्पेन्शनचं काम करणाऱ्या माणसाला ही गाडी अगदीच परकी वाटत नाही.

आय-पेसचं दुखणं वेगळ्या जातीचं आहे. बॅटरीला आग लागण्याच्या धोक्यामुळे अमेरिकेत 2023 मध्ये 6,367 गाड्या परत बोलावल्या. 2024 मध्ये 2019 च्या मॉडेलवाल्यांना बाहेर उभी करा, 80 टक्क्यांच्या वर भरू नका असं सांगितलं, आणि पुढे कंपनीने त्या गाड्या विकत घ्यायलाच सुरुवात केली. भारतात आय-पेस आली 2021 मध्ये, म्हणून तेच सगळं इथे लागू होतं असं नाही. ऑडीवरही बॅटरीसाठी रिकॉल निघालेच आहेत. दोन्ही गाड्यांचा चेसिस नंबर देऊन कुठलं काम बाकी आहे ते अधिकृत वर्कशॉपकडून लेखी घ्यायचं, तोंडी नाही.

"जॅग्वार टाटांचीच आहे ना, मग पार्टची काय चिंता?" हे दाजींचं वाक्य. टाटांनी ती 2008 मध्ये घेतली हे खरं, पण नेक्सॉन जिथे दुरुस्त होते तिथे आय-पेसचं बोनेटही कोणी उघडणार नाही. ही गाडी ऑस्ट्रियात ग्राझला बनायची, ते उत्पादन थांबलं, आणि जॅग्वारने जुनी सगळी मॉडेलं गुंडाळली. ई-ट्रॉनचा ब्रुसेल्सचा कारखानाही फेब्रुवारी 2025 मध्ये बंद झाला, तरी ऑडी भारतात बाकीच्या गाड्या विकतेच आहे, म्हणजे शोरूम आणि वर्कशॉप चालू राहणार. त्यात आय-पेसचं अंग बहुतेक अॅल्युमिनियमचं. द्वारका सर्कलला कोणी मागून ठोकली तर साधा पत्रेवाला कामाचा नाही.

दोघींच्याही मोठ्या बॅटरीची वॉरंटी 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, म्हणजे 2021 च्या गाडीची 2029 मध्ये संपते. 2029 नंतर ही गाडी ठेवायची असेल तर पोटात गोळा येईल. मी तरी ठेवणार नाही.

महिन्याचा खर्च: 1,200 किलोमीटर धरले तर चार्जिंगमधली घट मिळून ई-ट्रॉनला 330 च्या आसपास युनिट, आय-पेसला 290. घराचे 250 असतील तर दोन्हींत महावितरणचा 500 च्या वरचा सगळ्यात महाग टप्पा लागतो. त्यामुळे वेगळा मीटर, नाहीतर छतावर सोलर. 3 किलोवॅटला केंद्राचं 78,000 रुपये अनुदान आहे, आणि नाशिकच्या उन्हात महिन्याला साडेतीनशे युनिट निघायला हरकत नाही. विम्यात थर्ड पार्टीचा हप्ता दोघींना सारखाच. खरा खेळ स्वतःच्या नुकसानीच्या भागात असतो. गाडी पाच वर्षांची झाली की झिरो डेप (घसारा न कापता भरपाई देणारं विम्याचं कलम) मिळतं का, हे घेण्याआधी विचारा. टायर 20 इंची, चार बदलायचे म्हणजे लाखाच्या आसपास. कुंभाच्या तयारीत रस्ते खणलेत, त्यात एखादा फुगला तर नवल नाही.

माझं मत दाजींना सांगून टाकलं: चालवायला आय-पेस सरस, ठेवायला ई-ट्रॉन. मुंबईतलं थोडं चार्जिंग परवडतं, वर्कशॉप शोधत फिरणं परवडत नाही. आय-पेस घ्यायचीच तर ई-ट्रॉनपेक्षा सात-आठ लाखांनी स्वस्त मिळाली तरच, आणि बॅटरीच्या तब्येतीचा कागद हातात आल्यावरच.

त्यांनी अर्धा तास उत्तर दिलं नाही. मग लिहिलं, "दिसायला ती दुसरी भारी आहे रे." तरीही शनिवारी ठाण्याला ई-ट्रॉन बघायला जायचं ठरलंय. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवलंय, बॅटरी 20 टक्क्यांवर ठेवा, फास्ट चार्जरला आम्हीच लावून बघणार.