बोटातली पुली तुटली: रिंग की ऑपरेशन?

पावागढच्या खडकावर बारीकशा कडेला बोटं दुमडून लटकताना अनामिकेत 'टक्' असा आवाज येतो आणि बोटाच्या मुळाशी सूज चढते. बहुतेकदा बोट वाकवणारी कंडरा (टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) शाबूत असते. तुटते ती तिला हाडाशी घट्ट धरणारी पट्टी, म्हणजे ए-२ पुली. वडोदऱ्यात आपल्याकडे अशा वेळी कुणीतरी बोट ओढून 'बसवायला' सांगतंच. कृपा करून ओढू देऊ नका. आधी सोनोग्राफी करा. बोट जोर लावून वाकवल्यावर हाड आणि कंडरा यांत २ मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर दिसलं, तर पुली पूर्ण तुटल्याचा संशय घ्यायचा.

एकच पुली तुटली असेल तर माझं मत ठाम आहे: रिंग. हँड थेरपिस्ट बोटाच्या मापाने प्लास्टिकची कडी बनवतात. ती कंडरेला हाडाशी दाबून ठेवते आणि बोट हलतं राहतं. साधारण ६ ते ८ आठवडे ती घालायची, मग चिकटपट्टी लावून हळूहळू भार वाढवायचा. पूर्ण ताकदीने चढायला ३ महिने तरी हवेत. दुखणं आधी थांबतं, पट्टी मागाहून भरते. घाई नेमकी इथेच नडते.

ऑपरेशन मुख्यतः एकाहून जास्त पुली तुटल्या तरच. मनगटाजवळची दुसरी कंडरा काढून नवी पट्टी बांधतात. बोट आखडण्याची भीती असते आणि चढाईला साधारण ६ महिने लागतात.

बोटाचं टोक स्वतःहून वाकतच नसेल, तर कंडराच सुटलेली असू शकते. मग रिंगचा विचार नको, पहिल्याच आठवड्यात हाताच्या सर्जनकडे जा.