कोलकाता आणि अंदमान : एकाच प्रवासाचे दोन हिशेब

गेल्या हिवाळ्यात मी, माझी पत्नी आणि सासूबाई असे तिघे चार दिवस कोलकात्यात राहिलो आणि तिथूनच विमानाने अंदमानला जाऊन पुढचे सहा दिवस बेटांवर काढले. प्रवासात रोज रात्री झोपण्यापूर्वी दिवसाचा खर्च वहीत लिहून ठेवण्याची मला जुनी सवय आहे, त्यामुळे परतल्यावर एका महानगराचा आणि एका बेटसमूहाचा हिशेब शेजारी शेजारी ठेवून पाहता आला. अंदमान महाग आहे, असे जाऊन आलेला प्रत्येक जण सांगतो; परंतु ते नेमके कशामुळे महाग पडते, हे मला कोणी नीट सांगितले नव्हते, आणि जे सांगितले गेले ते बरेचसे चुकीचे निघाले. तिथल्या बोटी, गाड्या, खोल्या आणि जेवण यांचा अनुभव जसा आला तसा इथे मांडतो.

खोलीचे भाडे हे महागाईचे कारण आहे, अशी समजूत असते, माझीही होती. प्रत्यक्षात स्वच्छ चादरी, गरम पाणी आणि शांत झोप एवढ्याच अपेक्षा असतील, तर कोलकात्यात सदर स्ट्रीटच्या आसपास मिळते तशी साधी खोली पोर्ट ब्लेअरमध्ये, म्हणजे २०२४ पासूनच्या नावाने श्रीविजयपुरममध्ये, जवळपास त्याच भाड्यात मिळाली. स्वराज द्वीपावर, जुन्या हॅवलॉकवर, समुद्रकाठची रिसॉर्ट्स अर्थातच महाग आहेत. परंतु बाजाराच्या बाजूला, नारळी-पोफळीच्या बागांमधून घरगुती पद्धतीने चालवलेल्या खोल्या आहेत आणि त्यांचे भाडे ऐकून छाती दडपत नाही.

जेवणाची तुलना करणे मला विशेष आवडले, कारण इथे योगायोगाने दोन्हीकडे एकच पदार्थ समोर आला. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या अनेक निर्वासित कुटुंबांना स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप (जुने नील) येथे वसवले गेले, त्यामुळे तिथल्या बाजारातल्या खाणावळीत मिळते ते भात, डाळ, बटाट्याची भाजी आणि माशाचा झोल, म्हणजे पातळ रस्सा, हेच ताट. कोलकात्यात आम्ही हेच ताट एका जुन्या पाइस हॉटेलात, म्हणजे स्वस्त बंगाली खाणावळीत, जेवलो होतो, जिथे प्रत्येक वाटीचा हिशेब वेगळा होतो आणि केळीच्या पानाचेही पैसे वेगळे लावले जातात. स्वराज द्वीपावर त्याच ताटाला साधारण दीडपट पैसे पडले. खाणावळ चालवणाऱ्या बाईंना सासूबाईंनी मोडक्या हिंदीत कारण विचारले, तेव्हा त्यांनी आधी माशाकडे बोट दाखवून ‘हा इथला’ आणि मग भाताकडे बोट दाखवून ‘हा जहाजाने आलेला’ असे सांगितले. धान्य, इंधन, सिमेंट, औषधे अशा कितीतरी वस्तू मुख्य भूमीवरून जहाजाने बेटांवर येतात, आणि वीजही मोठ्या प्रमाणात डिझेलवर तयार होते. या परिस्थितीत ताटाची किंमत दीडपटीवर थांबते, हे मला उलट कौतुकाचे वाटले. शिवाय झोलातला मासा कोलकात्यापेक्षा निःसंशय ताजा होता.

मग पैसा जातो कुठे? तो पाणी ओलांडण्यात जातो, आणि इथे दोन ठिकाणांमधला फरक दीडपट-दुप्पट असा राहत नाही, तर कित्येक पटींनी वाढतो. कोलकात्यात एका सकाळी आम्ही हावड्याहून लाँचने हुगळी पार केली. तिकीट दहा रुपयांच्या आसपास, वेळ दहा-पंधरा मिनिटांचा. आमच्याबरोबर फुलांच्या टोपल्या घेतलेली माणसे होती, सायकल हाताशी धरून उभा असलेला एक मुलगा होता, कार्यालयात निघालेल्या बायका होत्या, आणि लाँच घाटाला लागते न लागते तोच पलीकडे जाणारी गर्दी फळीवर पाय ठेवत होती. पाच दिवसांनी पोर्ट ब्लेअरच्या अॅबर्डीन जेट्टीवरून आम्ही रॉस बेटावर, म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावर गेलो. पाण्यावरचा वेळ जवळजवळ तेवढाच होता, तिकिटाला मात्र प्रत्येकी काही शे रुपये पडले.

हा फरक पाहून पर्यटकांना लुबाडले जाते, अशी तक्रार आमच्या बोटीतल्या एका सहप्रवाशाने केली. मला ती पटली नाही. हुगळीवरच्या लाँचला दिवसभर दोन्ही बाजूंनी प्रवासी मिळतात आणि त्यांतले बहुतेक रोजचे असतात. रॉस बेटावर आज वस्ती नाही; ब्रिटिशांच्या काळातल्या इमारतींचे अवशेष, त्यांना वेढणारी वडाची मुळे, मोकळी फिरणारी हरणे आणि नौदलाचे ठाणे एवढेच तिथे आहे. बोट ज्यांना घेऊन जाते त्यांची वाट पाहत थांबते आणि त्यांनाच परत आणते. म्हणजे तिकिटात परतीचे आणि थांबून राहण्याचेही पैसे आलेले असतात. मात्र जेट्टीवर हे दर ठळक मराठी-हिंदी-बंगालीत नाही तरी निदान हिंदी-बंगालीत एकाच मोठ्या फलकावर लिहिलेले असावेत, अशी माझी अपेक्षा आहे, कारण आम्हाला तीन माणसांनी अनेक बेटांचे मिळून तीन वेगवेगळे एकत्रित दर सांगितले आणि त्यात कोणते बेट धरलेले आहे हे दरवेळी विचारून घ्यावे लागले.

बेटांमधल्या लांबच्या प्रवासासाठी दोन प्रकारच्या बोटी आहेत, आणि या लेखाचा खरा विषय माझ्या दृष्टीने तोच आहे. खासगी कंपन्यांच्या वातानुकूलित वेगवान बोटी पोर्ट ब्लेअरहून स्वराज द्वीपाला सुमारे दीड तासात पोहोचतात. बसण्याच्या वर्गाप्रमाणे तिकीट बदलते आणि ते हजारापासून दोन हजारांच्या पुढेपर्यंत जाते. प्रशासनाच्या जहाज सेवेची सरकारी बोट तेवढ्याच अंतराला दोन-अडीच तास घेते आणि पर्यटकाला खासगी बोटीच्या साधारण तिसऱ्या हिश्शात पडते. बेटांवरच्या रहिवाशांना सवलतीचा दर आणि जागांमध्ये प्राधान्य आहे, आणि ते असायलाच हवे, कारण आपली सहल ही त्यांची बस असते. याचा परिणाम असा होतो की हंगामात पर्यटकाला सरकारी तिकीट मिळणे सोपे राहत नाही. आम्ही फिनिक्स बे जेट्टीच्या खिडकीवर सकाळी लवकर जाऊन रांग धरली, ओळखपत्राच्या प्रती जोडल्या आणि परतीच्या फेरीची तीन तिकिटे मिळवली. जाण्याच्या दिवसाची जागा मात्र संपलेली होती.

त्यामुळे आम्ही दोन्ही बोटींनी प्रवास केला आणि तुलना हातात आली. खासगी बोटीत खुर्च्या उत्तम होत्या, कर्मचारी अगत्याचे होते आणि सासूबाईंना हात धरून चढवण्यासाठी दोघे जण आपणहून पुढे आले. परंतु संपूर्ण वेळ आम्ही बंद काचेमागे बसून होतो, काचेवर खारे पाणी वाळून पांढरट पापुद्रा धरलेला होता, आणि थंड हवेत हेलकावे बसू लागल्यावर आमच्या रांगेतल्या निम्म्या लोकांना उलटीचा त्रास झाला. सरकारी बोटीत खालच्या कक्षातली आसने साधी आहेत, स्वच्छतागृहाची स्थिती सुधारायला हवी, आणि सामान स्वतःच उचलून फळीवरून चढावे लागते. पण डेकवर उभे राहता येते. परतताना सासूबाई दोन तास कठड्याला धरून उभ्या होत्या. पाण्यातून सपकन उठून दूरपर्यंत तरंगत जाणारे उडते मासे त्यांनी पहिल्यांदा पाहिले, आणि शेजारी कोंबड्यांची पाटी घेऊन बसलेल्या गृहस्थांनी त्यांना कोणते बेट कोणते ते एकेक करून दाखवले. जिथे कमी पैसे दिले तिथेच अधिक मिळाले, असे या प्रवासात या एकाच ठिकाणी झाले.

आता तक्रारीचे. अंदमानातला आमचा सगळा बेत एका सहल कंपनीकडून ठरवून घेतलेला होता आणि ‘सर्व खर्चासहित’ असा शब्द त्यांच्या कागदावर ठळकपणे छापलेला होता. स्वराज द्वीपाला जाण्याच्या दिवशी वारा वाढला आणि बोटी रद्द झाल्या. हवामानाला कोणी जबाबदार नसते आणि बोट न सोडण्याचा निर्णय योग्यच होता. बोटीच्या तिकिटाचे पैसेही परत मिळाले. परंतु बेटावरच्या त्या रात्रीच्या खोलीचे पैसे बुडाले, पोर्ट ब्लेअरमध्ये त्या रात्रीसाठी नवी खोली घ्यावी लागली, आणि दुसऱ्या दिवशी सगळेच प्रवासी एकदम निघाल्यामुळे बोटीत सर्वांत महाग वर्गाच्याच जागा उरल्या. हे तिन्ही खर्च आमच्या माथी आले. विचारणा केली तेव्हा त्याच कागदाच्या मागच्या पानावरची बारीक अक्षरांतली ओळ आम्हाला दाखवण्यात आली. ज्या प्रदेशात बोट रद्द होणे ही दर हंगामातली सामान्य गोष्ट आहे, तिथे तिचा खर्च कोणाचा हे पहिल्या पानावर लिहिणे हा व्यवसायातला साधा प्रामाणिकपणा आहे, असे माझे ठाम मत आहे.

याच प्रसंगाने मला शहर आणि बेट यांच्या खर्चातला मूळ फरक समजला. कोलकात्यात आमचे बेत अनेकदा चुकले. एके दिवशी संग्रहालयाऐवजी आधी व्हिक्टोरिया मेमोरियलला गेलो, एकदा मेट्रोच्या चुकीच्या दिशेच्या फलाटावर उतरलो, एकदा सासूबाई थकल्यामुळे दुपारचा सगळा कार्यक्रम सोडून खोलीवर आलो. या प्रत्येक चुकीची किंमत दहा-वीस रुपये किंवा फार तर एका टॅक्सीचे भाडे एवढीच झाली, कारण पुढची गाडी काही मिनिटांत येणारच होती. १९८४ मध्ये देशातली पहिली मेट्रो याच शहरात धावली आणि आजही तिचे किमान तिकीट पाच रुपये आहे; आता तर हुगळीच्या तळाखालून जाणारा मार्ग हावड्यापासून सेक्टर फाइव्हपर्यंत जोडला गेला आहे आणि विमानतळही मेट्रोवर आला आहे. विमानतळावरून नोआपाडाला गाडी बदलून आम्ही पार्क स्ट्रीटला पोहोचलो, त्याला माणशी पन्नास रुपयेही लागले नाहीत. पोर्ट ब्लेअरचा विमानतळ गावापासून जेमतेम तीन-चार किलोमीटरवर असूनही तिथे रिक्षाला त्याहून बरेच अधिक द्यावे लागले.

बेटावर पुढची बोट काही मिनिटांत येत नाही. ती दुपारी असते किंवा उद्या असते. बाराटांग बेटाला जाताना जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून वाहने ठरलेल्या वेळीच ताफ्याने सोडली जातात, तो ताफा चुकला तर पुढच्या वेळेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नसतो, आणि हा नियम त्यांच्याच रक्षणासाठी असल्यामुळे त्यावर कुरकुर करणे मला योग्य वाटत नाही. हिवाळ्यात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. तो कोलकात्यातही तेव्हाच मावळतो, पण तिथे अंधार पडल्यावर शहर नव्याने सुरू होते, तर स्वराज द्वीपावर दिवस तिथेच मिटतो. म्हणून जे पाहणे शहरात एका दिवसात बसते त्याला बेटावर दोन रात्री द्याव्या लागतात, आणि त्या जादा रात्री कोणत्याही दरपत्रकात दिसत नाहीत.

स्वराज द्वीपावर उतरल्यावर मात्र पैसे वाचवता येतात. जेट्टीपासून राधानगर किनाऱ्यापर्यंत सरकारी बस जाते. तिच्या वेळा मोजक्या आहेत, पण तिकीट रिक्षाच्या तुलनेत नगण्य आहे. स्कूटर चालवता येत असेल तर दिवसभरासाठी भाड्याने घेणे दोघांना परवडते. पाण्याखालच्या स्कूबा डायव्हिंगला माणशी साडेतीन हजारांच्या पुढे लागतात; पत्नीने ते केले आणि त्या पैशांबद्दल आमच्या घरात आजवर एकदाही हळहळ व्यक्त झालेली नाही.

पुन्हा गेलो तर आधी बोटींची तिकिटे आणि मगच खोल्या, असा क्रम ठेवीन, खोल्याही तारीख बदलू देणाऱ्याच घेईन, आणि परतीच्या विमानापूर्वीचा एक पूर्ण दिवस पोर्ट ब्लेअरमध्ये मोकळा ठेवीन. या वेळी तो दिवस आमच्याकडे केवळ सुदैवाने उरला होता. त्या दिवशी आम्ही सेल्युलर जेलमध्ये दुसऱ्यांदा गेलो. पहिल्या भेटीत सहल कंपनीच्या गाडीवाल्याने तासाभरात परत या असे सांगितले होते आणि सातांपैकी आज उभ्या असलेल्या तीन इमारतींपैकी एकीचीच गॅलरी पाहून झाली होती. दुसऱ्या वेळी घाई नव्हती. १९११ मध्ये सावरकरांना जिथे आणून ठेवले, त्या कोठडीत सासूबाई बराच वेळ बसून राहिल्या, आम्ही बाहेर थांबलो. तिकिटाचे पुन्हा पैसे पडले, खोलीचे एका रात्रीचे पडले, रिक्षाचे पडले. वहीत ती सगळी रक्कम मी बेटाच्याच खर्चात धरली आहे.