येळवशीचं जेवण विकत आणलं: भज्जी एक नंबर, आंबील मात्र घरीच करा

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातल्या अमावस्येला शेतात पांडव (पाच दगड) पुजून तिथंच सगळ्यांनी जेवायचा आमच्या लातूरकडचा सण. त्याचं जेवण यंदा बाहेरून आणू का असं मी विचारलं तेव्हा आत्या दोन मिनिटं बोलल्याच नाहीत. आत्या म्हणजे सासूबाई, लातूरकडच्यांना हे सांगायला नको. मग म्हणाल्या, "आना बाई, पांडवाला बी हाटेलचंच घाला आता."

पण इलाज नव्हता हो. त्यांचं मनगट दिवाळीच्या आधी मोडलं होतं, प्लास्टर निघालं तरी पीठ मळायचा जोर काही परत आला नाही, मला सुट्टी फक्त त्या एका दिवसाची, आणि शेतात जेवायला पुण्याचे सोलापूरचे आणि गल्लीतले धरून पंचवीस माणसं. 2024 ला तर एकाच वर्षात दोन येळवशी आल्या होत्या, 11 जानेवारीला एक आणि 30 डिसेंबरला एक, आणि दोन्ही वेळेस सगळं त्यांनी एकटीनं काढलं होतं, मी फक्त डबे भरले. त्यामुळं यंदा मीच सगळं करते असं छातीठोक म्हणायची माझी हिंमत नव्हती.

आमच्या कॉलनीमागं पाच-सहा बायकांचा बचत गट आहे. उन्हाळ्यात पापड कुरडया, दिवाळीला फराळ, आणि आता येळवशीचं जेवण. नाव टाकत नाही, कारण पुढं एक तक्रार आहे आणि बायका रोज तोंडासमोर असतात. ताटाला 170 रुपये, त्यात भज्जी (हिरवे दाणे आणि पालेभाज्या बेसनात शिजवलेली भाजी), दोन उंडे (पिठाचे वाफवलेले गोळे), ज्वारीची भाकर, गव्हाची खीर, शेंगदाण्याची चटणी आणि आंबील (आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाचं ताकातलं पेय). तिळाची पोळी वेगळी, 25 ला एक. ऑर्डर चार दिवस आधी, निम्मे पैसे ॲडव्हान्स, कॅनचं डिपॉझिट वेगळं.

महाग वाटलं ना? मला पण वाटलं. मग गंजगोलाईत, म्हणजे लातूरच्या बाजारात, सहज भाव विचारून आले आणि गप्प बसले. येळवशीच्या आधीचे दोन दिवस भाजीवाले आपले राजे असतात. आणि नुसती भाजी आणून काय होतंय, खरं काम तर निवडण्या-सोलण्याचं. तूर सोला, वाटाणा सोला, हरभरा सोला, पावटा सोला, ढीगभर शेंगांचे दाणे बघितले की रडू येतं. मग चाकवत, मेथी, चुका निवडा, पात चिरा, परत गाजर, वांगी, बोरं, हिरवी चिंच आहेच. रात्री एक वाजेपर्यंत नखं काळी होतात. नणंद म्हणाली, टीव्ही लावून सगळ्यांनी शेंगा सोलत बसायची मजा गेली यंदा. ती दरवर्षी सकाळी दहाला डायरेक्ट शेतातच उगवते, तिला काय जातंय म्हणायला.

डिलिव्हरी नाही, आपणच जाऊन आणायचं आणि ते पण सकाळी सहाला. मी म्हणलं आठला येऊ का, तर त्यातल्या काकू म्हणाल्या, "ताई, सातच्या म्होरं आमी बी शेतात जायलाव, कुलूप दिसंल." खरंच की, त्यांची पण येळवसच आहे. गेले तर रात्री दोनपासून चूल पेटलेली, दारात स्टीलच्या कॅनची रांग, प्रत्येकावर खडूनं नाव. हे मला लई आवडलं.

आता भज्जी. मी मनातून तयारी करून बसले होते की कढीत चार वाटाणे पोहत असतील. तसं अजिबात नव्हतं. प्रत्येक घासाला वेगळा दाणा लागत होता, तूर शिजलेली पण फुटलेली नाही, शेंगदाणे मऊ, बोरं अख्खी, बेसन बेताचं, आंबटपणा चिंचेचा आणि चुक्याचा, लिंबू पिळून आणलेला नाही. तिखट हिरव्या मिरचीचंच, लाल तिखट टाकून रंग आणायचा शहाणपणा केलेला नाही. एकच, शेतात जाईपर्यंत बेसनामुळं ती घट्ट गोळा झाली. थंड पाणी ओतू नका, चव जाते. पांडवांच्या कडब्याच्या कोपीबाहेर (खोपीबाहेर) तीन दगडांवर पातेलं ठेवून उकळतं पाणी घातलं आणि दोन उकळ्या काढल्या, परत जिवंत झाली. आत्यांनी पहिला घास खाल्ला, काही बोलल्या नाहीत, फक्त वाटी पुढं केली. दुसऱ्यांदा पण. माझ्यासाठी रिव्ह्यू इथंच संपला होता खरं तर.

उंडे चवीला चांगले, तीळ ओवा बरोबर, वाफ नीट बसलेली, पण साईज काय ती! लिंबाएवढे. आमच्याकडं उंडा म्हणजे मूठभर, एक कुस्करून भज्जीत कालवला की ताट भरलं पाहिजे. दोनाचे चार करा आणि पाहिजे तर दहा रुपये वाढवा. खीर छान, गहू नीट सडलेला, आणि दूध वेगळं दिलं हे हुशारीचं काम, गुळाच्या गरम खिरीत आधीच दूध घातलं की फाटायची भीती. भाकरी थंड होऊन चिवट झाल्या, त्याला कुणीच काही करू शकत नाही.

आणि आंबील. आंबील दिली होती प्लास्टिकच्या कॅनमध्ये, फिरकीचं झाकण गच्च आवळून. औशाच्या पुढं आमचं शेत, रस्त्यावर एका स्पीडब्रेकरला गाडी उडली आणि मागून फट्ट करून आवाज आला. टायर गेलं म्हणून नवऱ्यानं गाडी बाजूला घेतली तर पुण्याचा भाचा पांढरा झालेला, भीतीनं नाही, आंबिलीनं. आंबलेल्या पिठात गॅस होतोच, म्हणून तर आपण मडक्याला फडकं बांधतो. उरलेली चाखली तर दात आंबले. एवढ्या ऑर्डरी म्हणून लई आधी भिजवून ठेवली असणार.

शेताभोवती शिंपडायला ती चालली, "ओलगे ओलगे सालम पोलगे" म्हणत पोरांनी चारी बांध फिरून शिंपडली, पांडवांनी काही तक्रार केली नाही. प्यायला मात्र शेजारच्या शेतातल्या काकूंकडून बिंदगीभर (छोटी घागरभर) मागून आणली. त्या दिवशी मागायला लाज नसते, त्यांनी उलट बळंच बसवून एक ग्लास पाजला, आणि मग नेहमीप्रमाणं दुपारी सगळी माणसं चिंचेखाली आडवी.

संध्याकाळी बचत गटाच्या काकूंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "झाकन सैल ठिवा म्हनून सांगायचं ऱ्हायलं बगा." तीनशे रुपये कमी करते म्हणाल्या, मी दोनशे घेतले, गाडी धुवायला तेवढे लागलेच. माझं म्हणणं एवढंच की पुढच्या वर्षी त्यांनी आंबील देऊच नये. नुसतं ताकात भिजवलेलं ज्वारीचं पीठ फडकं बांधून द्यावं. ते घरी शिजवायचं, पूर्ण निवू द्यायचं, मग ताजं ताक, ठेचलेला लसूण, जिरं, मीठ, कोथिंबीर. अर्ध्या तासाचं काम आहे, ते मला पण जमतं. थंडीत पीठ एका रात्रीत आंबत नाही, दोन रात्री धरा आणि मडकं गॅसशेजारी ठेवा.

बाकी ऑर्डर द्यायचीच असेल तर भज्जी आणि खीर डोळे झाकून द्या. तिळाची पोळी आम्ही घेतली नाही, ती आत्यांनी एका हातानं आणि माझ्या दोन हातांनी आदल्या रात्री घरीच केली, म्हणजे लाटल्या मी आणि शिव्या त्यांनी दिल्या. भज्जीचे दोन कॅन अजून माझ्याकडंच आहेत, चारशे रुपये डिपॉझिट अडकलंय, आणि आत्या म्हणतात राहू दे, संक्रांतीला भोगीची भाजी त्यातच आणू.