नॅकची कागदपत्रं आणि गेटसमोरचं स्कॅनिंग-टायपिंग सेंटर (5 पैकी 4 स्टार)

नॅक म्हणजे कॉलेज-विद्यापीठांचं मूल्यांकन करणारी संस्था. हा रिव्ह्यू खास करून आयक्यूएसीत (कॉलेज-विद्यापीठातल्या गुणवत्ता कक्षात) काम करणाऱ्यांसाठी आणि ज्यांच्या गळ्यात नुकताच एखादा क्रायटेरियन, म्हणजे नॅकच्या मूल्यांकनाचा एक निकष, पडलाय त्यांच्यासाठी लिहितेय. आमच्या विद्यापीठाच्या तिसऱ्या सायकलला, म्हणजे मूल्यांकनाच्या तिसऱ्या फेरीला, क्रायटेरियन तीन माझ्याकडे होता, रिसर्च, इनोव्हेशन आणि एक्स्टेन्शन, विद्यापीठांसाठी तेव्हा 1000 पैकी 250 मार्क एकट्या या क्रायटेरियनला होते. 2023 मध्ये आमचं रिन्यूअल होतं आणि तेव्हा सलग दोन महिने मी रोज संध्याकाळी गेटसमोरच्या दुकानात जाऊन बसायचे. बोर्डवर दुकानाचं नावच नाही, झेरॉक्स, स्कॅनिंग, मराठी-इंग्रजी टायपिंग, बाइंडिंग एवढंच लिहिलंय, त्यामुळे सगळे त्याला गेटसमोरचंच म्हणतात. मशीन दादा बघतात, टायपिंग आणि भाषांतर वहिनी करतात.

हे काम ज्यांनी केलं नाही त्यांना वाटतं एसएसआर (सेल्फ स्टडी रिपोर्ट, संस्थेने स्वतःबद्दल नॅकला द्यायचा अहवाल) म्हणजे एक मोठा रिपोर्ट, चार जणांनी बसून लिहायचा. तसं नाहीये. 2017 पासून जी पद्धत आली त्यात मार्कांचा साधारण 70 टक्के भाग आकड्यांवर जायचा, पीअर टीम (नॅकने पाठवलेले तज्ज्ञ) येऊन बघायची तो भाग 30 टक्क्यांच्या आसपास. आणि प्रत्येक आकड्यामागे कागद लागतो. पाच वर्षांत किती विस्तार कार्यक्रम घेतले हा एक आकडा एक्सेलमध्ये भरायचा, पण त्यामागे प्रत्येक कार्यक्रमाचं परिपत्रक, अहवाल, हजेरीचा कागद, तारखेसकट जिओटॅग फोटो, गावाचं किंवा संस्थेचं पत्र, हे सगळं सही-शिक्क्यासकट स्कॅन करून ठेवायचं. डीव्हीव्हीवाले, म्हणजे आपण दिलेले आकडे नॅकतर्फे तपासणारे, त्यातलं काहीही मागू शकतात. मागितल्यावर शोधत बसलात तर आकडा कमी झालाच म्हणून समजा. त्यात आयआयक्यूए (नॅककडे करायचा पहिला अर्ज) मंजूर झाल्यापासून एसएसआर भरायला तेव्हा 45 दिवस मिळायचे, म्हणजे कागद आधीच तयार नसतील तर 45 दिवस कुठे जातात कळतही नाही.

आता दुकानाची खरी किंमत कुठे कळली ते सांगते. आपले निम्मे पुरावे मराठीत असतात. अभ्यास मंडळाची इतिवृत्तं मराठीत, व्यवस्थापन परिषदेचे ठराव मराठीत, पेपरातली कात्रणं मराठीत, एनएसएस शिबिराचं ग्रामपंचायतीचं पत्र तर हाताने लिहिलेलं मराठीत. आणि नॅकला प्रादेशिक भाषेतल्या कागदाचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, त्यावर सही करून. आमच्या इथे बऱ्याच विभागांनी मोबाइलवर फोटो काढून मशीनकडून भाषांतर करून पाठवलं होतं. मी ते वाचायला घेतलं तर अभ्यास मंडळाचं स्टडी सर्कल झालं होतं. सिलॅबस बदलल्याचा पुरावा म्हणून आपण बोर्ड ऑफ स्टडीजचं इतिवृत्त देतो आणि तपासणाऱ्याला दिसणार कुठल्यातरी स्टडी सर्कलची मीटिंग! महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 मध्ये ज्याला अधिसभा म्हणतात ते सिनेट, विद्यापरिषद म्हणजे अकॅडेमिक कौन्सिल, हे शब्द ठरलेले आहेत, त्यात स्वतःचं डोकं चालवायचं नसतं.

वहिनींना हे शब्द पाठ आहेत. त्यांची मराठी 40, इंग्रजी 40 टायपिंगची परीक्षा झालेली आहे आणि विद्यापीठाचे कागद टाइप करून करून त्या इतक्या तयार झाल्यात की मला एकदा त्यांनीच विचारलं, मॅडम या ठरावात 'कार्योत्तर मान्यता' (काम झाल्यावर दिलेली मान्यता) आहे, तुमच्या ड्राफ्टमध्ये नुसतं अप्रूव्हल लिहिलंय, हे पोस्ट फॅक्टो पाहिजे ना? बरोबर होतं त्यांचं. तो एक शब्द चुकला असता तर तारखांचा मेळ लागला नसता आणि आम्ही खोटं लिहिलंय असं वाटलं असतं.

एका सरपंचांचं पत्र होतं, वहीच्या पानावर, निळ्या शाईत. मुलांनी सात दिवसांच्या शिबिरात ओढ्यावर वनराई बंधारा घातला आणि त्या उन्हाळ्यात वरच्या अंगाच्या विहिरींना पाणी जास्त दिवस टिकलं, असं त्यांनी साध्या चार ओळींत लिहिलेलं. आमच्याकडून आलेल्या भाषांतरात होतं फॉरेस्ट डॅम आणि लेबर डोनेशन. वहिनींनी मला बसवून विचारलं बंधारा कसा केला होता, मी सांगितलं सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून रचला, मग त्यांनी वनराई बंधारा हा शब्द तसाच ठेवून पुढे एका वाक्यात तो काय असतो ते लिहिलं, आणि श्रमदानाचं व्हॉलंटरी लेबर केलं. मला खरंच भरून आलं तेव्हा. कारण त्या मुलांनी थंडीत पाण्यात उभं राहून जे केलं ते कागदावर नीट यायला हवं होतं, आणि ते नीट आलं.

स्टार का कापला ते पण सांगते. पहिल्या आठवड्यात दादांनी सगळं ब्लॅक अँड व्हाइट स्कॅन केलं आणि वरून फाइल लहान करण्यासाठी इतकी कॉम्प्रेस केली की जांभळे शिक्के पार पुसट झाले. नॅकच्या पोर्टलवर तेव्हा 5 एमबीच्या वर फाइल जात नव्हती, मोठी असेल तर आपल्या वेबसाइटवर ठेवून लिंक द्यावी लागायची, म्हणून त्यांनी आपल्या परीने बरोबरच केलं होतं, पण सही आणि शिक्का वाचता आला नाही तर तो कागद असून नसल्यासारखा. डीव्हीव्हीत एका मेट्रिकला (क्रायटेरियनमधल्या एका मुद्द्याला) नेमकं हेच आलं, शिक्का दिसत नाही, पुन्हा द्या. जवळपास चारशे पानं परत स्कॅन करावी लागली. दादांनी दुसऱ्यांदा पैसे घेतले नाहीत हे मान्य, पण चार दिवस गेले ते गेले. तुम्ही जाल तेव्हा आधीच सांगा, सही-शिक्क्याचं पान कलरमध्ये, 300 डीपीआय, बाकीची पानं ग्रेस्केल चालतील. फाइल मोठी झाली तर तुकडे करा, पण शिक्का पुसट होऊ देऊ नका.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. विद्यार्थ्यांच्या याद्या, त्यात मोबाइल नंबर, प्रवर्ग, ईमेल सगळं असतं, स्टुडंट सॅटिस्फॅक्शन सर्व्हेसाठी तर मुलांचे ईमेल द्यावेच लागायचे, आणि या फाइली दुकानातल्या कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर उघड्या पडलेल्या मी पाहिल्या. कुणीही प्रिंट काढायला येतो तो तिथेच बसतो. मी सांगितल्यावर दादांनी समोर डिलीट केल्या, रिसायकल बिनसुद्धा रिकामी केली, आणि पुढे आमचं काम आमच्याच हार्ड डिस्कवर करायला लागले. पण हे मी सांगायच्या आधी व्हायला पाहिजे होतं. विद्यार्थ्यांच्या याद्या शक्यतो बाहेर नेऊच नका, विभागातच स्कॅन करा.

काहीजण विचारतील, एवढं करण्यापेक्षा एजन्सीला का नाही दिलं. एका एजन्सीचा डेमो आम्ही बघितला होता. त्यांनी क्रायटेरियन सातच्या दोन बेस्ट प्रॅक्टिसेसचा मजकूर तयारच आणला होता, छान इंग्रजी, छान फोटो, फक्त त्या प्रॅक्टिस आमच्या नव्हत्या. आम्ही विचारलं तर म्हणाले, नाव बदलून घ्या. त्या दिवशी मला फार राग आला, अजूनही आठवलं की येतो. सेल्फ स्टडी या शब्दात सेल्फ आहे ना? स्वतःकडे बघायचं काम दुसऱ्याला कसं देणार! गेटसमोरच्या वहिनींनी एकही ओळ स्वतःच्या मनाने घातली नाही. एका अहवालात विद्यार्थीसंख्या 60 आणि हजेरीच्या कागदावर 48 सह्या होत्या, तर त्यांनी टाइप करायचं थांबवून मला फोन केला, की कुठला आकडा घेऊ. आम्ही 48 घेतला.

कोविडच्या वर्षाचं तर विचारूच नका, 2020-21 ला शिबिरं नाहीत, सगळं ऑनलाइन, पुरावा म्हणजे मोबाइलमधले स्क्रीनशॉट. दादांनी ते तारखेप्रमाणे लावून, खाली कॅप्शन टाकून एकेक पीडीएफ करून दिली, याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

रेट तेव्हाचे सांगते : साधं स्कॅन 2 रुपये पान, कलर 5, भाषांतर टायपिंगसकट 120 रुपये पान, पीअर टीमसाठीच्या फाइलींचं हार्ड बाइंडिंग 250. भाषांतर महाग वाटेल, पण वहिनी दोनदा वाचून देतात आणि तुम्ही दुरुस्ती सांगितली तर फुकट करून देतात. पावती मागा, ऑडिटला लागते, आपण मागितल्याशिवाय ते देत नाहीत.

जानेवारी 2024 मध्ये बायनरी पद्धत जाहीर झाली, ग्रेडऐवजी मान्यता आहे की नाही एवढंच, म्हणून आमच्याकडे काहीजण आत्तापासूनच ढिले पडलेत. पण एक्यूएआर (गुणवत्तेचा वार्षिक अहवाल) दरवर्षी भरायचाच आहे आणि त्यालाही हेच कागद लागतात. मी तरी आता प्रत्येक कार्यक्रम झाला की त्याच आठवड्यात कागद घेऊन गेटसमोर जाते. रविवारी दुपारनंतर बंद असतं, आणि परीक्षेच्या फॉर्मच्या दिवसांत संध्याकाळी 5 ते 7 जाऊ नका, मुलांची रांग रस्त्यापर्यंत असते. सकाळी 10 ला वहिनी एकट्या असतात, भाषांतराचं काम तेव्हा द्या. ओरिजिनल मोजून द्या, मोजून घ्या. सरपंचांचं ते पत्र त्यांनी मला प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालून परत दिलं होतं, मी सांगितलं नव्हतं तरी.