झिरो डेप पॉलिसी आणि कॅशलेस दुरुस्ती: एक पावसाळा उलटल्यावर

माझ्या गाडीला पुढून बसलेली धडक, झिरो डेप (पार्टच्या किमतीतून घसारा न कापणारी) विमा पॉलिसी आणि नेटवर्क वर्कशॉपमधली कॅशलेस दुरुस्ती, म्हणजे बिल कंपनी थेट वर्कशॉपला देते. त्यानंतर गाडी अख्खा पावसाळा पुण्यात रोज पळाली. क्लेम पास झाल्या झाल्या लिहिलं की नुसतं पैशांचंच बोलणं होतं. काम कसं झालंय ते पाणी आणि खड्डे सांगतात. माझं मत असं: पैशांच्या बाबतीत पॉलिसी चोख, पण कामाच्या दर्जावर तिचा काडीचाही अंकुश नाही. तो आपणच ठेवायचा.

साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर आणि बॅटरीवर ५० टक्के घसारा (वापराने घटलेली किंमत) कापतात, फायबरग्लासवर ३० टक्के, काचेवर शून्य. पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे. साडेतीन वर्षांच्या गाडीला २५ टक्के. बंपर, ग्रिल, हेडलाइट मिळून १६,००० धरा, बॉनेट-फेंडर १४,००० आणि रंगकाम १२,०००. रंगाच्या बिलातला २५ टक्के भाग मटेरियलचा धरून त्यावर निम्मी कपात होते. म्हणजे ८,०००, ३,५०० आणि १,५०० असे १३,००० खिशातून. झिरो डेपमध्ये हे सगळं वाचतं. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १,००० रुपये तेवढे भरावे लागतात. कन्झ्युमेबल्सचं कव्हर वेगळं घ्या, नाहीतर कूलंट, एसी गॅस, नट-बोल्ट, क्लिपा आपल्या माथी येतात.

बारीक ओरखड्यासाठी क्लेम टाकू नका. ५० टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) असेल तर तो शून्यावर येतो आणि पुढे २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या पुन्हा चढाव्या लागतात. ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या कव्हरचा, बोनसआधीचा प्रीमियम ८,००० धरला तर पाच वर्षांत मिळून १०,००० जातात. त्याच्या आतलं काम रोखीने केलेलं बरं.

खरा निकाल सर्व्हेच्या वेळी, म्हणजे कंपनीचा सर्व्हेअर नुकसान तपासतो तेव्हा लागतो. बंपर जागेवर असताना सर्व्हेअरला त्यामागचा एसीचा कंडेन्सर, रेडिएटर सपोर्ट काहीच दिसत नाही. खोलल्यावर जे निघेल त्याचं सप्लिमेंटरी (वाढीव) एस्टिमेट कंपनीकडे जायला हवं आणि सर्व्हेअरने ते पार्ट बघायच्या आत नवीन बसवायचे नाहीत. बसवले, की ती रक्कम अडते. खोललेल्या गाडीचे फोटो मागून घ्या, जुने पार्ट बिल होईपर्यंत तिथेच ठेवायला सांगा.

हेडलाइटकडे नीट बघा. काच शाबूत असते, पण मागचा बोल्टचा कान तुटलेला असतो. वर्कशॉपने तो चिकटवून दिला तर डिलिव्हरीच्या दिवशी काही कळत नाही. खड्ड्यांत महिनाभर गाडी चालली की प्रकाश थरथरायला लागतो आणि झोत खाली पडतो. रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून बॉनेट हाताने हलवा, लगेच दिसतं. आतलं धुकं दिवा लावल्यावर विरलं तर चिंता नाही, तळाशी पाणी साचलं तर सील गेलंय.

पावसाळ्यात उघडं पडलेलं दुसरं काम क्लिपांचं. चाकावरच्या प्लास्टिक लायनरला जुन्याच क्लिपा मारल्या होत्या. पाण्याने भरलेल्या खड्ड्यात तो सुटून टायरला घासायला लागला. कन्झ्युमेबल्स कव्हरमध्ये नव्या क्लिपांचे पैसे मिळत असताना ही काटकसर कशासाठी? बॉनेटच्या आतल्या दुमडलेल्या कडेला सीलर लागलाय का तेही पाहा, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो. बंपरला प्लास्टिक प्रायमर नसेल तर प्रेशर वॉशिंगमध्ये रंगाचे पापुद्रे सुटतात. मेटॅलिक रंगात शेजारच्या दरवाजावर ब्लेंडिंग, म्हणजे नवा रंग जुन्यात मिसळून घेणं, लागतं. ते एस्टिमेटमध्ये आधीच लिहून घ्या. रंग ट्यूबलाइटखाली पाहू नका, गाडी उन्हात काढा आणि तिरक्या नजरेने बघा. चाकाला मार असेल तर अलाइनमेंटचा छापील रिपोर्ट घ्या. हे सगळं तपासल्यावरच सॅटिस्फॅक्शन व्हाउचरवर, म्हणजे काम पसंत असल्याच्या कागदावर, सही. नंतर वर्कशॉपवाले तोच कागद पुढे करतात.

पुण्यात राहून इंजिन प्रोटेक्ट (पाण्याने इंजिनाच्या होणाऱ्या नुकसानीचं जादा कव्हर) न घेणं मला पटत नाही. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडच्या एकता नगरीत पाणी शिरलं ते आठवा. पाण्यात उभ्या गाडीचं नुकसान साध्या ओन डॅमेजमध्ये बसतं. पण स्टार्टर मारला आणि सिलिंडरमध्ये पाणी जाऊन कनेक्टिंग रॉड वाकला, की तो परिणामी तोटा म्हणून नाकारतात. किल्लीला हात लावू नका, पाणी ओसरल्यावर बॅटरीचा मायनस काढा, गाडी टो करून न्या.

क्लेम विनाकारण कापला तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी द्या, सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी) जाता येतं. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीचं अंतिम उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करा.