रॉकच्या कानांना आधी कोणता हिप-हॉप अल्बम? ‘चेक युअर हेड’ की ‘फ्रेनॉलॉजी’

गिटार, बास, ड्रम्स यांवर कान तयार झालेल्यांनी बीस्टी बॉइजच्या ‘चेक युअर हेड’पासून (१९९२) सुरुवात करावी. इथे तिघे रॅपर स्वतःच वाद्यं वाजवतात: माइक डी ड्रम्सवर, ॲड-रॉक गिटारवर, एमसीए बासवर. ‘ग्रॅटिट्यूड’ लावा. फझ लावलेला, म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेला बास गाणं ओढत नेतो, गिटारची उणीव भासतच नाही. ‘टाइम फॉर लिव्हिन’’ तर सरळ हार्डकोर पंक, म्हणजे वेगवान, आक्रमक रॉक आहे. आवाज मुद्दाम फाटका ठेवलाय, त्यामुळे शब्द नीट कळत नाहीत. गॅरेज रॉक ऐकणाऱ्यांना त्याचं काही वाटणार नाही.

द रूट्स या हिप-हॉप बँडचा ‘फ्रेनॉलॉजी’ (२००२) जास्त खोल, पण जास्त अवघड. ‘द सीड (२.०)’मध्ये कोडी चेस्नटची गिटार आणि क्वेस्टलव्हचे कोरडे, घट्ट ड्रम्स पहिल्याच ऐकण्यात पकडतात. मात्र लगेच ‘वॉटर’कडे वळू नका. ते दहा मिनिटांहून लांब आहे आणि पुढे नुसत्या ध्वनींच्या तुकड्यांत विरघळतं.

रॉक ऐकणारा अडखळतो तो बहुतेक एकाच ठिकाणी: तो सोलोची वाट पाहत बसतो. रॅपमध्ये खालची लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, बहुधा तीच राहते. बदल होतो तो शब्द तालावर कुठे पडतात त्यात. द रूट्सचा रॅपर ब्लॅक थॉट याच्या ओळी स्नेअरच्या (ड्रम्समधल्या कडक ठोक्याच्या) आधी संपतात की नंतर, तेवढंच ऐका. आणि हेडफोन लावाच. फोनच्या स्पीकरवर बास गायब होतो, मग दोन्ही अल्बम पोकळ वाटतात.