बी.कॉम. नंतर जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं, सोलापुरातला माझा अनुभव (5 पैकी साडेतीन स्टार)

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात सहा वर्षं बिलं नि जीएसटी बघत होते, 29 व्या वर्षी नोकरी सोडून जीएनएमला ॲडमिशन घेतली, आता पास होऊन स्टाफ नर्स म्हणून लागलेय. कॉलेजचं नाव लिहीत नाही, पण दुसऱ्या फिल्डमधून येणाऱ्यांसाठी लिहितेय कारण मला तेव्हा सांगणारं कोणीच नव्हतं.

आधी हे समजून घ्या की तुमची डिग्री इथं धरत नाहीत. अमेरिकेत दुसऱ्या विषयाच्या ग्रॅज्युएटला 12 ते 18 महिन्यांत नर्सिंगची डिग्री घेता येते, आपल्याकडे तशी सोयच नाही. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं आणि त्याला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं, मग कॉमर्स-आर्ट्सवाल्यांना राहतं जीएनएम, तीन वर्षं. डिग्री हवीच असेल तर जीएनएमनंतर राज्याच्या नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन झाल्यावर पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग, अजून दोन वर्षं. घरच्यांना हा पाच वर्षांचा हिशोब आधीच सांगा, नंतर भांडणं नकोत.

पहिलं वर्ष लई जड गेलं. ॲनाटॉमी, मायक्रोबायोलॉजी सगळं इंग्लिशमधून, आणि शेजारी बसलेली पोरगी अठरा वर्षांची, तिचं पटकन पाठ व्हायचं. पण वॉर्डात पोस्टिंग लागल्यावर चित्र बदललं. 500 एमएल सलाईन चार तासांत द्यायचं, सेट 20 थेंबांचा, म्हणजे एका एमएलला 20 थेंब, तर मिनिटाला किती थेंब? बाकीच्या वही काढेपर्यंत मी 42 सांगून घड्याळ धरून थेंब मोजायला लागलेले असायचे. इंटेक-आउटपुट चार्टसुद्धा मला रोजमेळासारखाच वाटायचा, पेशंटच्या शरीरात किती पाणी गेलं, किती बाहेर आलं, रात्री बेरीज लागलीच पाहिजे. एकदा एक विडी वळणारी आजी नुसती "नोप्पी, नोप्पी" (तेलुगूत, दुखतंय) करत होती, कारखान्यातल्या बायकांमुळे मला मोडकंतोडकं तेलुगू येतं, मी "एक्कडा?" (कुठं?) विचारलं तर तिनं माझा हात धरून थेट पोटाच्या उजव्या बाजूला ठेवला. सिस्टरनी लगेच डॉक्टरांना बोलावलं. त्या दिवशी घरी येऊन आईला सांगताना रडले मी, आनंदानं.

दीड स्टार का कापला तेही सांगते. ॲडमिशनला सांगितलेली फी वेगळी, नंतर युनिफॉर्म, परीक्षा, बस असं करत करत बरंच वाढलं, आणि ओरिजिनल मार्कशीट परत मिळवायला तीन चकरा मारल्या. स्किल लॅबमधला सरावाचा पुतळा एकच, चाळीस जणी, इंजेक्शनचा हात बसला तो वॉर्डातल्या सिस्टरांमुळेच.

त्यामुळे चौकशीला जाल तेव्हा बिल्डिंग बघत बसू नका. पोस्टिंग कुठल्या हॉस्पिटलला, तिथं बेड किती, आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या यादीत कॉलेज आहे का ते विचारा. सगळी फी एका कागदावर सही-शिक्क्यानं लिहून घ्या. शेवटच्या वर्षाच्या पोरी दुपारी बसमधून उतरतात, त्यांच्याशी दोन मिनिटं बोला, त्या खरं सांगतात.